कोपरा

एस्टोनियातल्या त्या खेड्यात
शाळेचं आता संग्रहालय झालंय.
दारातच लोकरी सपाता देतात, बुटांवरूनच चढवायच्या;
जुनी लाकडी जमीन ओरखडे धरते म्हणे.

दौती, पाट्या, पोचे आलेला पृथ्वीगोल.
हजेरीपटात एकोणपन्नासचा मार्च,
सात नावांपुढे नुसतीच रेघ.

दाराकडे तोंड करून विर्वे बसते राखणीला,
शहाऐंशी वर्षांची.
खुर्ची इथं का, शेगडीपासून इतकी लांब?

"हा माझाच कोपरा.
बडबडले की इथंच उभी करायचे.
त्या दिवशीही तोंड भिंतीकडे होतं.
मागे बाकं सरकली, परके बूट वाजले,
कुणीतरी आपला डबा मागितला.
मास्तर 'वळ' म्हणाले नाहीत,
म्हणून मी वळले नाही."

निघताना सपाता परत केल्या.
तिनं त्या दोनदा मोजल्या.