भरताची वांगी

चोपड्याला, यावल रोडवर, जिनिंगच्या मागे
दोन खोल्या, एक पडवी, पाच बायका.
गल्लीतली पोरं म्हणतात, बाटल्यांची खोली.
आत बाटली एकही नाही.
खोकल्याचं औषधसुद्धा रोहिणीताईच्या पेटीत,
किल्ली तिच्या पोलक्यात.

दाराशी वही. गेलात कधी, आलात कधी,
आणि रोज रात्री एक ओळ: आज नाही. खाली सही.
पतपेढीत अठरा वर्षं मी लोकांच्या सह्या तपासल्या,
आता माझीच रोज निराळी उमटते,
सकाळी थरथरती,
जेवणानंतर जरा ओळखीची.

रुमलीबाई सातपुड्यातून आलेली.
तिला घोर एकच: इंदलला धार कशाची द्यायची?
देवाला सवय मोहाची.
परवा तिनं तांब्यातलं पाणी ओतून पाहिलं अंगणात,
आणि वाकून बघत राहिली,
माती घेते की नाही.

काल थंडी पडली. कोकिळाबाई म्हणाली, भरीत करू.
पऱ्हाट्या पेटल्या,
हिरवी वांगी जाळात आडवी झाली, साल तडकली,
आणि तो वास मला थेट घेऊन गेला
दिराच्या मळ्यात.
बांधावर पुरुष, पत्ते, हसणं.
गोठ्याआड मी,
त्यांच्या पेल्यांतलं उरलंसुरलं एकात ओतणारी,
वेलदोडा चावून
पुन्हा पुऱ्या तळायला बसणारी.
सात वर्षं कोणाला कळलं नाही.
खरं सांगते, मला त्याचा अभिमान होता.

मी उठले. फाटकाला इथं कुलूप नसतं.
पलीकडे हिरव्या पडद्याचं दुकान, पिवळा बल्ब,
एकशे बारा पावलं. मोजून ठेवलेली.
चपला घातल्या. वहीत लिहिलं:
जाते, ७.४०.

पायरीवर कोकिळाबाई येऊन बसली,
हाताला राख, ताटलीत दोन वांगी.
"कितला दिन व्हयनात?"
एकेचाळीस.
"मनं बेचाळीसले मोडनं."
एवढंच बोलली,
आणि एक वांगं माझ्या हातावर ठेवलं, सोल म्हणून.
बोटं पोळत होती.
फुंकर मारायची, साल ओढायची, पुन्हा फुंकर.
आतून जुबेदा ओरडली, मिरच्या कुठं ठेवल्या गं?
देठाशी चिकटलेली साल काही केल्या निघेना.
चपला पायातच होत्या.

सकाळी ताईनं वही उघडली.
"जाते लिहिलंयस. आलीस कधी?"
गेलेच नाही, म्हटलं.
तिनं पान उलटसुलट केलं.
न गेलेल्याचा रकाना
वहीत नव्हता.