डाव्या टोकाची खुर्ची

तीन रात्री, आणि पैसे दोनच नाटकांचे.
तिसऱ्या रात्री नुसतं दिव्यांखालून हिंडायचं,
हे तांदीलहून निघतानाच ठरलेलं.
बसमध्ये नेलिदानं सलामी कापली,
वर्तमानपत्राचं पान मांडीवर पसरलं
आणि जाहिरातींवर फुल्या मारत सुटली:
हे नको. हेही नको. हे रडकं.
हे त्या टीव्हीवरच्या टकल्याचं,
त्याला मी घरी फुकट बघते.

कोरिएन्तेस रस्त्यावर अर्ध्या किमतीच्या तिकिटांची खिडकी.
आमच्यापुढे सतरा माणसं आणि एक कुत्रा.
खिडकीतला फ्रोइलान, मफलर दोनदा गुंडाळलेला,
विचारतो, बायांनो, हसायचंय की रडायचंय?

मला शब्द हवे होते.
गावात वर्षभर मी गाईगुरांचे भाव ऐकते
आणि कोण गेलं ते.
मला हवी होती एका टेबलाशी दोन माणसं,
एकमेकांना दीड तास सोलून काढणारी.

नेलिदा म्हणाली, नाच.
नाहीतर बाहुल्या.
नाहीतर ते, ज्यात स्टेजवर पाणी सोडतात
आणि माणसं घसरतात.

चाळीस वर्षं बटणं विकलीस, मी पुटपुटले,
आता बाहुल्या बघ.
तिनं कानाडोळा केला.
आमच्या घरात ही कला वडिलांपासूनची,
मला त्यात काही नवं वाटलं नाही.

मग खिडकीत वाकून ती म्हणाली,
कुठलंही द्या, पण डाव्या टोकाची खुर्ची.
तिथून खांब आड येतो, सेन्योरा.
येऊ दे.

आम्ही काहीच न घेता निघालो, भांडून.
पिझ्झा उभ्यानंच खाल्ला, काउंटरला टेकून,
वर हरभऱ्याच्या पिठाची जाड पोळी ठेवून, तिथल्या रीतीनं.
गर्दीत मी चुकून तिच्या डावीकडे उभी राहिले.
काही विचारलं. ती घड्याळाकडे बघत चावत राहिली.
पुन्हा विचारलं.
मग मी तिच्या कानाशी वाकून, अगदी सावकाश,
लहानपणची ती शिवी दिली
जिच्यापायी आईनं माझ्या तोंडात साबण कोंबला होता.

ती चावत राहिली.
म्हणाली, चीज बरंय.

चर्चमध्ये. बसमध्ये, खिडकी मला सोडून.
आईला पुरलं त्या दिवशी, चिखलात.
किती वर्षं ही बाई
माझ्या डावीकडे सरकत आली होती
आणि मला वाटायचं, सवय.

मी काही बोलले नाही.
खिडकीशी परत गेले, एकटीच.
फ्रोइलान म्हणाला, ठरलं का एकदाचं?
पाणीवालं, आज. शब्दांचं, उद्या.
दोन्हीकडे डावं टोक.
खांबासकट? खांबासकट.

पाणीवाल्यात ती इतकी हसली
की पुढच्या माणसानं वळून पाहिलं.
शब्दांच्या नाटकात हात मांडीवर ठेवून बसली,
शहाण्या मुलीसारखी. टाळ्या मात्र
सगळ्यांच्या थोड्या मागून.

आणि तिसऱ्या रात्री, दिव्यांखालून चालताना,
तिच्या उजव्या बाजूनं मी सगळं नाटक सांगितलं.
नवराही मीच, बायकोही मीच,
मधेच दारावर थाप मारणारा शेजारीसुद्धा.
पुस्तकांच्या दुकानातला पोऱ्या थांबून ऐकू लागला.
माझी लाज कधीच गेली होती.

शेवट मी मुद्दाम राखून ठेवला.
तिनंच सांगितला:
तो गेला ना तिला सोडून? पहिल्या अंकाआधीच.
ऐकलंस तू?
नाही. तिच्या कोटाचं चौथं बटण
वेगळ्या दोऱ्यानं शिवलेलं होतं. मोठे मोठे टाके.
बाईनं बाईच्या कोटाला असे टाके घालत नाहीत.
त्यानं शिवलेलं. ते तिनं उसवलं नव्हतं.

मला खांबाच्या अलीकडूनही दिसलं नव्हतं ते.

पुढे चौक होता, गाड्या डावीकडून येत होत्या.
मी बाजू बदलली, तिची बाही धरली.
रस्ता ओलांडेपर्यंत
बोलणं बंद.