इच्चू, पुल्लिंगी नाम

बोरीकाठच्या त्या गावात शब्द गोळा करायला गेलो होतो,
पोस्टकार्डाएवढ्या चिठ्ठ्या, रबरबँड, दोन पेनं.
केवळबाई धाब्यावर गोधडी झटकत होत्या.
माझी नोंद आधीच तयार:
इच्चू. एक, विंचू.
दोन, दक्षिणेकडचा तारकासमूह, वृश्चिक.
वाचून दाखवली.
"दोन कसाले लिखस?" त्या म्हणाल्या,
"तो एकच शे."

मग हात लांब करून दाखवला.
लोटन अप्पाच्या जिनिंगच्या पत्र्यावर
तोंड वर आलेलं, मागे लालभडक काळीज,
नांगी अजून जमिनीत.
"नांगी निंघाले टाइम शे. तवलोंग भाकर खाई ल्हे."

पंचांगात त्याचे तीन तुकडे आहेत,
अनुराधा, ज्येष्ठा, मूळ,
आणि मुळावर जन्मलेल्या पोरींची स्थळं मोडतात.
हे सांगितलं तेव्हा त्या गोधडीत तोंड खुपसून हसल्या.
"तुकडा व्हयनात म्हंजे इच्चू मरना."

वापर विचारला.
इच्चू माथावर उना: पाण्याची पाळी बदला.
इच्चू आडा पडना: बैल जुंपा, शेंगा बाजारात न्यायच्यात.
इच्चूखाल: हा फक्त त्यांच्या घरातला.
नवरा नरडाण्याच्या रुळावर कंदील घेऊन फिरायचा,
घरी यायचा तो इच्चूखालच.
पुढे त्याला मनगटी घड्याळ मिळालं
आणि शब्दाला काम उरलं नाही.
मी लिहिलं: सध्या प्रचारात नाही.
त्यांनी विचारलं काय लिहिलंस,
मी विषय बदलला.

मग त्यांनी उजवा अंगठा पुढे केला.
लग्नानंतरचा पहिला जेठ, गोवऱ्यांच्या रचाईशी.
जांघेपर्यंत चढला.
उतरवणारा माणूस पारोळ्याला लग्नात.
सासऱ्यांनी सुनेला धाब्यावर बसवलं,
स्वतः शिडीवर, पाठ फिरवून.
"वरला देख. तो उतरना का हाऊ भी उतरी."
सतरा वर्षांच्या पोरीनं मग रात्रभर
आभाळातल्याला डोळ्यांनी पश्चिमेकडे ढकललं.
तोंड बुडालं, जांघ मोकळी झाली.
काळीज बुडालं, गुडघा.
नांगी शेवटी.
जिथं डंख, तिथली ठणक शेवटी.

चढणे. उतरणे.
विषालाही तेच, ताऱ्यांनाही तेच,
बारा वर्षं शब्द मोजतोय, कधी ध्यानात आलं नाही.
चिठ्ठीवरचं "दोन" खोडलं.
परत लिहिलं. परत खोडलं.
कार्यालयात असली खाडाखोड चालत नाही,
चिठ्ठी परत येईल.

साडेचारच्या गाडीसाठी फाट्यावर थांबलो.
एकजण उकिडवा बसून बिडी पेटवत होता.
पलीकडे निंबांच्या रांगेत तोंड शिरलेलं,
नांगी तेवढी उभी.
काहीतरी बोलायचं म्हणून बोललो,
"इच्चू उतरी राह्यना."

त्यानं काडी टाकली,
झटकन उठून माझ्या चपलांकडे पाहिलं.
"कोले चावना?"