तासिका तत्त्वावर

दुसऱ्या तासाला घसारा शिकवते:
यंत्राची किंमत दरवर्षी थोडी उतरते,
पण वहीत नोंद राहते.

माझी नोंद मस्टरवर, पेन्सिलीत.
गणपतीचे दिवस वजा, दिवाळीचे वजा,
परीक्षा सुरू झाली की मीच वजा.
जुलैचं बिल अजून खळदकरांच्या ड्रॉवरमध्ये;
‘मॅडम, सही राहिलीय,’ म्हणतात.
कुणाची, ते सांगत नाहीत.

काल कोथरूड डेपोपाशी हडपसरचा तुपे भेटला,
कॉस्टिंगला दोनदा बसलेला.
खराडीत लागलोय म्हणाला, आणि पगाराचा आकडा
इतक्या हळू, जणू कॉपी पकडलीय.
‘तुम्हाला तर बरंच असेल, मॅडम.’

हो, म्हटलं.

चहाचे पैसे त्यानंच दिले.
सुट्टे मात्र टपरीवाल्यानं माझ्या हातावर ठेवले.
अजून पर्समध्ये आहेत, वेगळ्या कप्प्यात.
जमा की नावे,
ठरत नाही.