बारा फुटी

देवास नाक्यामागे, ट्रकच्या बॉड्या बांधणाऱ्यांच्या गल्लीत
रईसभाईंच्या शेडखाली दोन सांगाडे उभे होते.
एक सोळा फुटी, एक बारा फुटी.
"अंकल, सोला वाली लो, चौबीस घंटे का रहना है."
ह्यांनी खिशातून टेप काढला.
वीज मंडळात मीटर तपासण्यात हयात गेली,
दुसऱ्याचा आकडा ह्यांना कधी पटलाच नाही.

मी बाहेर स्टुलावर, कट चहा घेऊन.
बत्तीस वर्षं बँकेत लॉकर सांभाळले,
डब्यात किती मावतं हे मला विचारा.
एका बाईंच्या लॉकरात सोनं नव्हतंच,
रेफरीची शिट्टी होती, दोरीसकट.
दर दिवाळीत येऊन बघून जायच्या.
भाडं मात्र मोठ्या लॉकरचं भरायच्या.

सुदामा नगरच्या गच्चीवर ह्यांनी खडूनं बारा बाय सहा आखलं.
इथे ओटा, इथे संडास, इथे टाकी, ऐंशी लिटर.
दोन दिवस आम्ही त्या रेघांत राहून पाहिलं.
रेघेवर पाय पडला की हे म्हणत, "भिंत!"
पोळी लाटताना माझं कोपर ह्यांच्या पेपरात,
रात्री माझी अर्धी उशी संडासात.
शेजारच्या मुंगीवहिनी जिन्यातून डोकावल्या,
"भांडण झालं का हो?"
"नाही, घर बघतोय."
सोमवारी रामकलीनं फरशी पुसली
आणि घर बादलीत गेलं.

सारंगचा फोन, "बाबा, पुण्याला या ना, टू बीएचके आहे."
"चाकं आहेत का त्याला?"
मग बराच वेळ दोघंही नेटवर्कला दोष देत राहिले.

मिक्सर नाही. शिलाई मशीन नाही.
देवांपैकी अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण, बाकीचे जाऊबाईंकडे.
मिसळणाचा पितळी डबा मात्र मी नेणारच.
सव्वा किलो, लिहून घ्या, म्हटलं.
ह्यांनी लिहून घेतलं.

बारा फुटीत पलंग नसतो.
टेबल खाली पाडायचं, वर गाद्या सरकवायच्या,
रोज रात्री नव्यानं करायचा असतो तो.
एकानं फळी उचलून धरायची, दुसऱ्यानं खिट्टी लावायची.
मी सहज विचारलं, एकट्याला जमतं का हे?
"अकेले से नहीं होगा आंटी, दो तो चाहिए."
हे टायर बघायला गेले.
टायर नवेच होते.

वही हातात आली ती तिच्यावरचा चहाचा डाग पुसायला.
वजनं, जोडाची उंची, सियागंजातल्या बिजागऱ्यांचे भाव,
आणि शेवटच्या पानावर, पेन्सिलीनं:
हिचा हात पोचतो सहा फूट एक.
टाचा उचलून सहा-तीन. टाचा धरू नयेत.
सर्व बटणं चार फुटांवर.
खिट्टीऐवजी स्प्रिंग, एका हाताचं. रईसशी बोलणे.

माझं माप कधी घेतलं कोण जाणे.
गच्चीवर बहुतेक, मी कपडे वाळत घालत असताना.
वही होती तिथे ठेवली.
डाग तसाच.

बारा फुटीच घेतली.
आता रविवारी सकाळी, सुपर कॉरिडॉरकडच्या एका रिकाम्या प्लॉटवर
मी ती मागे घ्यायला शिकते आहे.
पुढे नेणं काय, कुणालाही येतं.
मागे घेताना सगळं उलटं,
डबा डावीकडे हवा तर चाक उजवीकडे,
थोडं, अगदी थोडं, नाहीतर दुमडतो.
हे मागे उभे राहून हातवारे करतात,
आरशात अंगठ्याएवढे.
"येऊ दे, येऊ दे, अजून येऊ दे,"
आणि मग दिसेनासे होतात.
मी ब्रेक दाबते, खिडकीतून मान काढून ओरडते,
"अहो, आरशात या!"