रिकाम्या गाडीचं वजन

दिवसा मी सावद्याच्या वजनकाट्यावर बसतो.
केळीची गाडी चढते, आकडा थरथरतो, थांबतो,
मी पावती फाडतो.
आधी रिकाम्या गाडीचं वजन लिहून ठेवायचं,
मग भरल्यातून ते वजा करायचं.
रिकाम्या गाडीचे पैसे कोणी देत नाही.

लगीनसराईत रात्री तेच काम
चार जाड तारांवर:
न्यू गुलमोहर बँजो पार्टी, चिनावल.
बँजोवाल्या टिल्लूवरून नोटा ओवाळतात,
ढोलवाल्याला सरबत पाजतात.
माझा बेस बघून एका करवलीनं विचारलं होतं,
"ही गिटार बिघडलीय का? वाजत का नाही?"

अकरा हंगाम झाले.

फैजपूरला मुनाफ तडवीचं दुकान.
मिक्सर, पंखे, आणि मागच्या फळीवर
कुणीतरी दुरुस्तीला टाकून विसरलेले
पायानं दाबायचे तीन डबे.
"घेऊन जा भो, पन तिन्ही एकदम नको लावू.
पह्यले एकच. महिनाभर त्याच्यासंग राह्य.
नवी सून, तिची मावशी आन् तिची आत्या
एकाच दिवशी घरात आनली
तं कोन काय बोलतंय, तुले कसं समजंन?"

पहिला कॉम्प्रेसर. मुकादमासारखा:
ओरडणाऱ्याला खाली बसवतो,
पुटपुटणाऱ्याला हाताला धरून पुढे आणतो.
महिनाभर मला काही फरकच ऐकू येईना.
मग एका रात्री बंद केला
आणि माझाच हात मला उर्मट वाटला.

दुसरा फाटक्या आवाजाचा.
मे महिना, पत्र्याची खोली, पंखा बंद ठेवलेला,
तार छेडली तर जणू
घशात कळण्याची भाकर अडकलेला माणूस हसतोय.
अर्धा तास मीही हसलो.
मग कळलं, खालचं सगळं गेलंय,
बुड गळालेल्या पातेल्यासारखं.
मुनाफला फोन लावला: ह्यानं माझं वजनच खाल्लं.
"कोपऱ्यातलं बारकं बटन फिरवलं का?
त्याच्यानं साधा आवाज खालून चालू राह्यतो.
फाटका फक्त वरून."
म्हणजे गाडी वेगळी, माल वेगळा.
हे मला कळायला हवं होतं.

न्हावीच्या हळदीत जनरेटरवर लावला
तर वाजवायच्या आधीच डबा घोंगावू लागला,
नवरीच्या काकांनी वर बघत आग्यामोहोळ शोधलं.
तेव्हापासून खिशात नऊ व्होल्टचे चौकोनी सेल.
चिल्लर आणि किल्ल्यांत ते ठेवू नयेत,
मांडी भाजते. हे मुनाफनं सांगितलं नव्हतं.

तिसरा ऑक्टेव्ह. वाजवाल त्या स्वराच्या खाली
आणखी एक स्वर, विहिरीतून ओ दिल्यासारखा.
त्याला मी बिचकून होतो.
तरी तिन्ही ठोकले एका फळीवर,
काट्यावरची मोडकी पाटी होती ती,
अक्षरं अजून दिसतात:
गाडी सावकाश चढवा.

विवऱ्याच्या वेशीत आमचा टेम्पो
गतिरोधकावर आपटला.
पाय घसरला, तिसऱ्यावर पडला.
टेम्पोच्या पोटातून काहीतरी उठलं.
टिल्लू वाजवत राहिला, पोरं नाचत राहिली,
फक्त नवरदेवाच्या घोडीनं
दोन्ही कान माझ्याकडे वळवले
आणि ती जागच्या जागी थांबली.
घोडीवाल्यानं लगाम ओढला, शिवी दिली, गूळ दाखवला.
नवरदेवाचा फेटा कानावर आला.
मामा मुहूर्त, मुहूर्त करत धावले.
घोडी ऐकत होती.

मी लगेच पाय काढायला हवा होता.
नाही काढला.
आणखी चार मात्रा वाजवल्या,
सावकाश, तिला पुरतील अशा.

मालकानं त्या रात्री दोनशे कापले.

आता काट्यावर गाडी चढते
तेव्हा टेबलाखाली डावा पाय काहीतरी चाचपतो.
"पायाले मुंग्या आल्या का?" रावेरचा ड्रायव्हर विचारतो.
थांब जरा, मी म्हणतो,
आकडा अजून हलतोय.