त्रुटीत

शिष्यवृत्तीचं टेबल कुणी मागून घेत नाही.
मला मिळालं, कारण आधीचे ढोबळेबाबू
बायपास करून आले आणि म्हणाले, आता ग्रंथालय द्या.
चावी, शिक्का, वाळून दगड झालेला स्पंज
आणि चारशे बारा पोरांचे अर्ज.

पहिल्या फेब्रुवारीत एकच शब्द शिकले: त्रुटी.
आधारवर मनीषा, मार्कशीटवर मनिषा.
एका वेलांटीपायी अर्ज परत.
दाखला तहसीलचाच, पण शिक्का पुसट. परत.
वडिलांच्या उत्पन्नाचा रकाना कोरा,
वडीलच नाहीत, तर मृत्यूचा दाखला जोडा. परत.
खिडकीपलीकडून पोरी अशा बघायच्या
जणू त्यांचे पैसे
मीच दाबून धरलेत स्वेटरच्या खिशात.

समाजकल्याणच्या आवारात एका दुपारी
फाइलींवर डोकं टेकून बसले होते.
शेजारी कुणीतरी डबा उघडला.
"कोणत्या कॉलेजच्या?"
"सक्करदऱ्याच्या."
"मी कामठीचा. दुर्योधन गजभिये. नावावर नका जाऊ.
बावीस वर्षं झाले याच टेबलावर.
घ्या, वांग्याची भाजी आहे.
रडाचं काम जेवल्यावर करू."

मग हळूहळू कळत गेलं, आम्ही किती जण आहोत.
हिंगण्याची शबाना, जिला माहीत
कोणत्या बँकेत झोपलेलं खातं कोण उठवतो.
महालातले निखारे,
पोराचा फोटो विसरला तर आपल्या पैशाने काढून आणणारे
आणि वर त्यालाच शिव्या घालणारे.
उमरेडच्या उईकेताई बोलत नाहीत फारशा.
स्टेपलर पुढे करतात. पिन भरून.

आमच्यापैकी कुणाच्याच कॉलेजला
दुसऱ्याचं कॉलेज आवडत नाही.
जाहिरातीत एकमेकांची पोरं पळवतात.
आम्ही मात्र एकमेकांच्या त्रुट्या वाचतो.

शेवटच्या तारखेच्या रात्री सर्व्हर मेलेला.
दोन वाजून दहा मिनिटांनी फोन वाजतो,
गजभिये म्हणतात, "उघडलं."
एवढंच. नमस्कार नाही, काही नाही.
मी ओट्यावर लॅपटॉप ठेवून अर्ज पुढे ढकलत राहते
आणि मला माहीत असतं,
हिंगण्याला, महालात, उमरेडला
या घटकेला कुणीतरी पापणी न लववता
फिरणाऱ्या गोल चकतीकडे बघतंय.

पायल धुर्वेचे पैसे तेराव्या महिन्यात आले.
तोवर फी बाकी म्हणून परीक्षा हुकलेली.
सांगायला गेले, तर सीताबर्डीच्या दुकानात
ती साड्यांच्या घड्या घालत होती.
"मॅडम, आता काय त्याचं," म्हणाली
आणि एक पदर नीट करून दाखवला गिऱ्हाइकाला.

घराच्या जिन्यावरच बसले. गजभियेंना फोन लावला.
म्हटलं, मलाही ग्रंथालय हवं.
ते बराच वेळ गप्प. मागे कुकरची शिट्टी.
मग म्हणाले, "माझ्या अशा सतरा आहेत, ताई.
पाठ आहेत. सांगू का?"
आणि सांगितली. एकेक नाव, एकेक साल,
कोणता कागद कमी होता ते.
मध्ये दोनदा घसा खाकरला.
मी जिन्याच्या चौथ्या पायरीवर
सतराही ऐकली. मनात अठरावं जोडलं.

समजूत नाही काढली त्यांनी. म्हणाले,
"उद्या अकराले या. डबा तुमच्याकडे."

रात्री तुरीच्या शेंगा सोलत बसले.
सोलेभाजी केली. पाच जणांची. जरा तिखट झाली.

त्या सतरांतले तिघे परत आले होते शिकायला.
हे मात्र त्यांनी दुसऱ्या दिवशी सांगितलं,
जेवताना, मध्येच,
मीठ मागावं तसं.